कैद्यांच्या तुकडीकडून रस्त्यांची देखभाल: नव्याने योजना सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रस्त्याच्या देखभालीला माणसं मिळत नाहीत आणि तुरुंगात धडधाकट माणसं दिवसभर रिकामी बसलेली असतात. दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडले की एकदम सुटतील, हा विचार रस्ते खात्यातल्या किंवा कारागृह विभागातल्या कुणाच्याही मनात कधी ना कधी येतो. विचारात खोट नाही, पण बहुतेक योजना चुकीच्या टोकापासून सुरू होतात. आधी फावडी आणि घमेली खरेदी होतात, मग उद्घाटन होतं, आणि मजुरी कुठल्या लेखाशीर्षातून द्यायची हा प्रश्न तीन महिन्यांनी निघतो. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. तुमच्याकडे अशी योजना नव्याने सोपवली असेल, तर याच क्रमाने जा. मधली पायरी अडली तर तिथेच थांबा, पुढची उरकून घेऊ नका.

आधी थोडा इतिहास

तो माहीत नसेल तर लोकांचे आक्षेप तुम्हाला उगाच आडमुठे वाटतील. ऑस्ट्रेलियात सिडनीहून हंटर खोऱ्याकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड 1826 ते 1836 या काळात शिक्षा झालेल्या कैद्यांनी बांधला. त्यातल्या कित्येकांच्या पायांत बेड्या होत्या. जपानच्या होक्काइदो बेटावर 1891 साली आबाशिरीच्या कैद्यांकडून रस्ता घाईने करून घेतला, त्यात दोनशेहून अधिक कैदी मेले. रशियातल्या कोलिमा महामार्गाला आजही ‘हाडांचा रस्ता’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी संपल्यावर कैदी खाजगी मालकांना भाड्याने देण्याची पद्धत आली. जॉर्जियाने ती 1908 मध्ये बंद केली, पण तेच कैदी साखळ्यांत बांधून रस्त्यांवर आणले. अलाबामाने तर 1995 मध्ये साखळदंडाच्या टोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि खटला झाल्यावर वर्षभरात गुंडाळल्या.

म्हणजे कैदी आणि रस्ता ही जोडी जुनी आणि बदनाम आहे. चांगला नमुनाही आहे. उत्तर प्रदेशात 1952 मध्ये चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामासाठी खुली छावणी उभी राहिली. तिथे कैदी तुलनेने मोकळेपणाने राहत, काम करत आणि त्यांना मजुरी मिळे. तुमची योजना यांपैकी कुणाच्या जवळ जाते, हे पुढच्या दोन पायऱ्यांत ठरतं.

पायरी 1: कायदा आणि संमती

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1930 चा सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार (क्रमांक 29) तुरुंगातल्या कामाला सूट देतो, पण अटींवर. त्या व्यक्तीला न्यायालयाने दोषी ठरवलेलं असावं, काम सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली आणि ताब्यात असावं, आणि ती व्यक्ती कुठल्याही खाजगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हवाली केलेली नसावी.

पहिल्या अटीचा अर्थ सरळ आहे: खटला चालू असलेले कच्चे कैदी सक्तीने या कामाला नेता येत नाहीत. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतला नियम 116 सांगतो की त्यांना कामाची संधी द्यावी, सक्ती करू नये, आणि काम केलं तर पैसे द्यावेत. तरीही तुकडीत माणसं कमी पडली की हजेरीपटावर हळूच कच्च्या कैद्यांची नावं येतात. ती येऊ देऊ नका.

खरी मेख शेवटच्या अटीत आहे. हल्ली रस्त्यांची देखभाल बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते. तुम्ही कैद्यांची तुकडी ‘खात्याच्या कामावर’ पाठवता, पण जागेवर मुकादम ठेकेदाराचा, मिश्रण ठेकेदाराचं आणि बिलही ठेकेदाराचं. कागदोपत्री सरकारी असलेलं काम प्रत्यक्षात खाजगी नफ्याचं झालं, की करारातली सूट उरत नाही. मग कैद्याची खरीखुरी, मोकळी संमती आणि बाहेरच्या मजुराच्या जवळपास जाणाऱ्या अटी लागतात. म्हणून पहिल्या बैठकीत एवढंच विचारा: या रस्त्याच्या तुकड्याचा देखभालीचा ठेका चालू आहे का? असेल, तर दुसरा तुकडा शोधा. दोषदायित्वाच्या मुदतीतला रस्ता असेल तर तो दुरुस्त करणं ठेकेदारावरच बंधनकारक असतं. तिथे कैदी राबवणं म्हणजे ठेकेदाराला फुकटची मदत.

देशाचा कायदा सक्तमजुरीला परवानगी देत असला तरीही या कामापुरती लेखी संमती घ्याच. ती कैद्याच्या भाषेत हवी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवलेली हवी, आणि ‘नाही म्हटल्यास भेटी, रजा किंवा बराक बदलणार नाही’ हे वाक्य तिच्यात हवं. संमती कधीही मागे घेता यायला हवी. तुरुंगाच्या भिंतीआड ‘हो’ म्हणण्याला किती अर्थ असतो, ही शंका रास्त आहे. तिच्यावर एकच व्यवहारी उपाय मला दिसतो: नाही म्हणणाऱ्यासाठी आत दुसरं, तेवढ्याच मजुरीचं काम उपलब्ध ठेवणं.

पायरी 2: पैसे

इथे घाई करू नका. योजना टिकणार की मोडणार, ते इथेच कळतं.

‘कैद्यांकडून काम स्वस्तात होतं’ हे गृहीतक आधी खोडा. अंदाजपत्रकात नेहमीच्या देखभालीच्या बाबी येतातच, शिवाय कैद्यांची वाहतूक, रक्षकांचे पगार, सुरक्षा साहित्य, अपघात भरपाईची तरतूद आणि प्रशिक्षकाचं मानधन येतं. त्यात कामाचे तास घटतात. सकाळची गिनती, झडती, गाडीत बसणं, पोचल्यावर पुन्हा गिनती आणि परतताना तेच सगळं उलट्या क्रमाने. आठ तासांच्या दिवसात प्रत्यक्ष हत्यार हातात असण्याची वेळ बरीच कमी भरते. हा सगळा खर्च मांडूनही योजना करावीशी वाटली, तरच करा. फक्त मजुरी वाचवण्यासाठी करत असाल तर हिशेब जमणार नाही, आणि जमलाच तर तो कुणाच्या तरी मजुरीवर डल्ला मारून जमलेला असेल.

मजुरी किती? देशोदेशी उत्तरं वेगळी आहेत. ब्राझीलचा 1984 चा शिक्षा अंमलबजावणी कायदा कैद्याला किमान वेतनाच्या तीन चतुर्थांशांपेक्षा कमी देऊ नये म्हणतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की कैद्याला न्याय्य वेतन दिलंच पाहिजे, त्यातून अन्नवस्त्राचा खर्च वळता करता येईल आणि काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी राखून ठेवावा. मंडेला नियमांतला नियम 103 तीन वाटे सुचवतो: थोडे स्वतःच्या गरजांना, थोडे घरी पाठवायला आणि काही सुटकेच्या दिवसासाठी साठवून ठेवायला.

याच नियमावलीत एक पळवाटही आहे, आणि ती नेमकी रस्ते खात्याच्या सोयीची आहे. नियम 100 प्रमाणे बाहेरच्यांनी कैद्यांचे श्रम वापरले तर त्यांनी कारागृह प्रशासनाला पूर्ण प्रचलित मजुरी द्यायची. काम दुसऱ्या सरकारी खात्याचं असेल तर मात्र ही अट लागू नाही. ही सवलत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ते खात्याने पूर्ण दर मोजला की दोन गोष्टी साधतात. तुकडीचं काम नीट मोजलं जातं, कारण पैसे देणारा मोजमाप मागतोच. आणि बाहेरच्या मजुराला कमी दराने बाजूला सारण्याचं आमिष उरत नाही.

मजुरी वैयक्तिक खात्यात, दर महिन्याला आणि पावतीसह जमा व्हावी. वजावट काय आणि किती, हे पावतीवर ओळीओळीने लिहा. कैद्याला हिशेब विचारायला तोंड असलं, तरी विचारायची सोय असतेच असं नाही.

शिक्षेत सूट हे काही ठिकाणी मजुरीइतकंच मोठं आकर्षण असतं. ब्राझीलमध्ये तीन दिवसांच्या कामाला एक दिवस शिक्षा कमी होते. त्या कायद्यातली एक तरतूद आवर्जून उचलण्यासारखी आहे: अपघाताने काम थांबलं तरी सूट मिळत राहते. ही हमी नसेल तर माणसं दुखापत लपवतात आणि मोडलेल्या बोटाने कुदळ मारत राहतात.

पायरी 3: कोणतं काम घ्यायचं

नवख्यांचा पहिला आग्रह खड्ड्यांचा असतो, कारण खड्डा लोकांना दिसतो आणि बुजवलेला खड्डा फोटोत दिसतो. पण रस्ता मारतं ते पाणी. बाजूची गटारं तुंबली, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड गाळाने भरलं, की पाणी डांबराखाली उतरतं, पाया मऊ पडतो आणि चाकाखाली पृष्ठभाग फुटतो. तो खड्डा तुम्ही कितीही सुबक बुजवा, पुढच्या पावसात शेजारी नवा पडतो.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. गटारांतला गाळ काढणं, त्यांना उतार देणं, मोऱ्यांची तोंडं मोकळी करणं, साइडपट्टीवरची वाढलेली माती आणि गवत काढून पाणी बाहेर पडू देणं. ही कामं हाताच्या अवजारांनी होतात, वाहतुकीपासून थोडी दूर होतात, त्यांना यंत्राची वाट पाहावी लागत नाही आणि रस्त्याचं आयुष्य वाढवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. त्यानंतर झुडपं छाटून वळणावरची दृष्टी मोकळी करणं, दिशाफलक धुणं, कठडे आणि दगड रंगवणं, झाडं लावणं आणि ती जगवणं. तुकडीचा हात बसल्यावर डांबरातल्या भेगा भरणं आणि मग खड्डे.

खड्डा बुजवण्याची रीत थोडक्यात अशी. तुटलेल्या भागाच्या थोडं बाहेरून, शाबूत डांबरात चौकोन आखा. कडा उभ्या कापा, उतरत्या ठेवल्या तर भरण निसटतं. सुटी खडी, धूळ आणि पाणी पूर्ण काढा. तळाला आणि कडांना डांबरी इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) पातळ हात द्या. डबकं होईल इतकं ओतलं तर भरण घसरतं. मिश्रण थरांनी भरा आणि प्रत्येक थर कडेकडून मध्याकडे धुम्मसाने किंवा छोट्या रोलरने दाबा. वरचा थर भोवतालच्या रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवा, वाहनांनी तो आणखी बसतो.

एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते: गरम मिश्रण गिनतीसाठी थांबत नाही. प्लँटवरून निघालेला डंपर वेळेवर पोचला आणि तुकडी दरवाज्यावर अडकली, तर मिश्रण निवतं. निवलेलं मिश्रण नीट दाबलं जात नाही. म्हणून या तुकड्यांना इमल्शनवर आधारित थंड मिश्रण सोयीचं. मोठी पॅचवर्क किंवा नवा थर टाकण्याचं काम खात्याच्या नेहमीच्या यंत्रणेकडेच ठेवा.

काय घेऊ नये हेही ठरवा: वेगवान महामार्गाची चालू मार्गिका, रात्रीची कामं, सुरुंग, पुलावरची उंचीची कामं, गरम डांबराची टाकी. बंदिस्त गटारात किंवा लांब मोरीच्या आत माणूस उतरवायचा नाही, आत प्राणवायू कमी असू शकतो किंवा विषारी वायू साठलेला असू शकतो.

पायरी 4: माणसं निवडताना

कारागृहाचं मूल्यमापन पळून जाण्याच्या आणि हिंसेच्या धोक्याचं असतं. ते हवंच, पण पुरेसं नाही. वैद्यकीय तपासणी हवी: दमा, हृदयविकार, मिरगी, उन्हाने त्रास होईल अशी औषधं. धनुर्वाताची लस झालेली असावी. सुटकेला किती अवधी आहे तेही पाहा. सहा महिने ते दोन वर्षं उरलेल्या माणसाला शिकलेलं काम बाहेर लगेच वापरता येतं, दहा वर्षं उरलेल्याचं कौशल्य तोवर शिळं होतं. स्त्रियांना ‘जड काम’ म्हणून परस्पर वगळू नका, मात्र स्त्री कर्मचारी आणि स्वच्छतागृहाची सोय नसेल तर आधी ती करा.

तुकडीच्या आत कामं कोण वाटतो यावर लक्ष ठेवा. वाटप जुन्या, दांडग्या कैद्याच्या हाती गेलं की गटारात कायम तीच दोन-तीन माणसं उभी दिसतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगातलं जातीवर आधारलेलं कामवाटप घटनाबाह्य ठरवलं आहे. पाळीपाळीने वाटप करा आणि तक्ता गाडीत लावा.

पहिली तुकडी लहान ठेवा. आठ-दहा माणसं पुष्कळ झाली.

पायरी 5: अंगावर काय, पायात काय

नियम 101 प्रमाणे बाहेरच्या कामगाराला मिळतं तेच संरक्षण कैद्याला मिळायला हवं, अपघाताची भरपाईसुद्धा. हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट, हातमोजे, चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, डांबर किंवा काँक्रीट कापताना चष्मा आणि धुळीचा मास्क. काँक्रीट कापताना पाणी मारत राहा. त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. गवतात साप, काचा आणि सुया असतात, म्हणून हाताने चाचपायचं नाही, आधी दाताळ्याने ओढायचं.

कपड्यांवरून वाद होणारच. पट्ट्यापट्ट्यांचा वेश किंवा पाठीवर मोठ्या अक्षरात ‘कैदी’ असं काही जण सुचवतील. मंडेला नियम इथे स्पष्ट आहेत: तुरुंगाबाहेर नेताना कपडे लक्ष वेधून न घेणारे असावेत (नियम 19), आणि ने-आण करताना लोकांच्या नजरेपासून, अपमानापासून आणि प्रसिद्धीपासून शक्य तितकं जपावं (नियम 73). साखळ्यांचा तर प्रश्नच नाही, नियम 47 त्यांना मनाई करतो. माझ्या मते उत्तम वेश तोच, जो खात्याच्या मजुरांचा आहे. दुरून बघणाऱ्याला फक्त रस्त्याची तुकडी दिसावी. ज्याच्यावर पळून जाण्याचा इतका संशय आहे की त्याला वेगळ्या रंगात उभं करावं लागतं, त्याची निवडच मुळात चुकली आहे.

पायरी 6: जागेवरचा दिवस

दोन जबाबदाऱ्या, दोन माणसं. कारागृहाचा अधिकारी ताबा सांभाळतो, रस्ते खात्याचा पर्यवेक्षक काम सांगतो. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. रक्षकाने ‘हात चालव’ म्हणून ओरडायला सुरुवात केली की कामाची शिक्षा होते, आणि पर्यवेक्षक गिनती ठेवू लागला की मोजणीत घोळ होतो. काम थांबवण्याचा अधिकार मात्र दोघांनाही हवा.

पोचल्यावर पहिलं काम वाहतुकीचं. काम दिसण्याच्या पुष्कळ आधी सूचना फलक, मग शंकू तिरपे लावून मार्गिका हळूहळू अरुंद करणं, मग प्रत्यक्ष कामाची जागा, आणि पुढे मार्गिका पुन्हा मोकळी होण्याचा भाग. खात्याची गाडी तुकडीच्या मागे, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला उभी करा. चुकार वाहन आधी गाडीवर आदळावं. झेंडी दाखवायला प्रशिक्षित कर्मचारी ठेवा. शंकू काढताना उलट्या क्रमाने काढा, अपघात बऱ्याचदा आवराआवरीच्या घाईतच होतात.

दररोज पाच मिनिटं उभ्याउभ्या बोला: आज काय करायचं, धोका कुठे, कुणाला बरं नाही. पाणी, सावली आणि शौचालय हे पर्यवेक्षकाच्या यादीत पहिल्या तीन ओळींत असावं. नव्याने आलेल्याला उन्हात एकदम पूर्ण दिवस उभा करू नका. बराकीत महिनोन्महिने बसलेल्या शरीराला उष्णतेची सवय नसते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. अवजारं क्रमांक टाकून द्या आणि क्रमांकानेच परत घ्या.

पायरी 7: बाहेरचे लोक

रस्त्यालगतच्या रहिवाशांना आधी सांगा, काम सुरू झाल्यावर अफवा खोडत बसणं कठीण जातं. काय काम, किती दिवस, जबाबदार कोण आणि तक्रार कुठे. कैद्यांची नावं किंवा गुन्हे सांगायचे नाहीत, कुणी कितीही खोदून विचारलं तरी. पीडित व्यक्ती किंवा तिचं कुटुंब त्या भागात राहतं का हे कारागृहाने तपासावं आणि राहत असेल तर त्या कैद्याला दुसऱ्या ठिकाणी न्यावं.

मजूर संघटनांशीही आधीच बोला. ब्राझीलच्या कायद्यात सार्वजनिक कामावरच्या एकूण मजुरांपैकी कैदी दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत अशी मर्यादा आहे. तुमच्याकडे अशी तरतूद नसली तरी एखादी मर्यादा करारात लिहा. नाहीतर कुणाचा तरी रोजगार काढून कुणाचं तरी पुनर्वसन, असा प्रकार होतो.

फोटोंबद्दल: पाहुणे येतील, कॅमेरे येतील. बुजवलेल्या खड्ड्यांचे फोटो खुशाल काढू द्या, चेहऱ्यांचे नाही.

पायरी 8: नोंदी, आणि सुटकेनंतरची सोय

रस्त्याचं मोजमाप ठेवणं सोपं आहे, खात्याला ती सवयच असते: इतके मीटर गटार, इतक्या मोऱ्या, इतके चौरस मीटर पॅच, आणि पावसाळ्यानंतर त्यातलं काय टिकलं. माणसाचं मोजमाप बहुतेक ठिकाणी कुणीच ठेवत नाही. प्रत्येकाची एक साधी वही करा: कोणतं काम शिकला, कुणाच्या देखरेखीखाली, किती दिवस, कोणतं यंत्र चालवू शकतो. त्यावर पर्यवेक्षकाची सही घ्या.

प्रमाणपत्र रस्ते खात्याच्या किंवा प्रशिक्षण संस्थेच्या शिक्क्याचं असावं. त्यावर तुरुंगाचं नाव नको, पत्ताही नको. नाहीतर ते नोकरी मागताना दाखवता येत नाही. रोलर किंवा छोटं उत्खनन यंत्र शिकवत असाल तर बाहेर लागणारा परवाना मिळेपर्यंतची परीक्षा आतच घ्या. अर्धवट शिकलेल्याला बाहेर पुन्हा शुल्क भरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग स्वतःच्या खात्याच्या निविदा उघडून पाहा. मजुरांसाठी पोलीस पडताळणीची किंवा ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी’ अशी सरसकट अट तिथे असेल, तर तुम्ही दोन वर्षं शिकवलेला माणूस तुमच्याच रस्त्यावर मजूर म्हणून लागू शकत नाही. अट काढून टाका किंवा विशिष्ट गुन्ह्यांपुरती मर्यादित करा. ठेकेदारांनी अशा प्रशिक्षित माणसांना घेतल्यास निविदेत गुण देता येतात का तेही पाहा.

सुटकेच्या दिवशी हातात काय असलं पाहिजे याची यादी महिनाभर आधी तपासा: ओळखपत्र, चालू बँक खातं, साठलेली मजुरी, कामाची वही, प्रमाणपत्र, आणि निदान एका ठेकेदाराचा किंवा खात्याच्या उपविभागाचा संपर्क, ज्याच्याशी आधीच बोलणं झालेलं आहे. ‘कागद मागाहून टपालाने पाठवतो’ असं सांगून कुणाला दरवाज्याबाहेर पाठवू नका. त्या दिवशी अनेकांकडे टपाल घ्यायला पक्का पत्ताच नसतो.